ट्रायम्फ टी१२०आर, इंजिन नंबर डीयू ६८ हजारांतला: कारखान्याचं काय आणि नंतरचं काय?

अर्धा_पाना:

ट्रायम्फ बॉनव्हिल ६५०. डाव्या क्रँककेसवर, सिलिंडरच्या बुडाखाली टी१२०आर आणि पुढे डीयू ६८ हजारांतला नंबर. हेडस्टॉकच्या डाव्या अंगाला फ्रेमवरही तोच नंबर. कागदावर वर्ष १९६७.

गाडीवर आत्ता जे आहे ते असं: पुढे ८ इंची टीएलएस (दोन लीडिंग शूंचा) ब्रेक, केबल फोर्कच्या नळीला धरून सरळ खाली येते आणि प्लेटवरच्या काटकोनी लिव्हरला लागते. दोन अमाल कॉन्सेंट्रिक कार्ब्युरेटर, दोन्हींवर ९३०. टायमिंग कव्हरला पुढून ऑइल प्रेशर स्विचची जागा आहे, सध्या तिथे बूच. दोन्ही एक्झॉस्ट पाइप पुढे आडव्या नळीने जोडलेले. इग्निशन स्विच फोर्कच्या डाव्या कव्हरवर, झेनर डायोड (जास्तीचा व्होल्टेज रोखणारा) हेडलाइटखाली पंख्यांच्या ओतीव तुकड्यात. प्रायमरी कव्हर सपाट, त्यावर तीन स्क्रूंचं छोटं झाकण नाही. टाकीवर चौकटीसारखा बॅज. आणि नट-बोल्ट म्हणाल तर खिचडी: एकाच जोडणीत एकाला अर्ध्या इंचाचा पाना बसतो, शेजारच्याला बसत नाही.

गाडी १९६७ची की १९६८ची? यातलं कारखान्यातून आलेलं कोणतं आणि नंतर कोणी चढवलेलं कोणतं, हे भाग न विकत घेता कसं ठरवायचं? सगळं एका वर्षाचं करायचं आहे, पण चुकीचं उतरवून ठेवायचं नाही.

मेरिडेन_वही:

आधी वर्षाचा गुंता सोडवू. ट्रायम्फचा हंगाम जानेवारीत सुरू होत नसे. ऑगस्टच्या सुमारास पुढच्या वर्षाचं मॉडेल लाइनवर येई. त्यामुळे ऑगस्ट ते डिसेंबर १९६७ मध्ये बनलेली गाडी १९६८ची गणली जाते, आणि कागदावर मात्र १९६७ असू शकतं. दोन्ही बरोबर.

युनिट ६५० चे आकडे असे लागतात: १९६३ डीयू १०१ पासून, १९६४ डीयू ५८२५, १९६५ डीयू १३३७५, १९६६ डीयू २४८७५, १९६७ डीयू ४४३९४, १९६८ डीयू ६६२४६, १९६९ डीयू ८५९०४ पासून डीयू ९०२८२ पर्यंत. त्यानंतर आकड्याआधी दोन अक्षरं आली. तुमचा नंबर ६८ हजारांत, म्हणजे गाडी १९६८ हंगामाची आणि हंगामाच्या सुरुवातीची. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

अक्षरांचा उल्लेख आलाच आहे तर, कारण तिथे हमखास घसरतात: पहिलं अक्षर महिन्याचं, दुसरं हंगामाचं. महिने ए, बी, सी, डी, ई, जी, एच, जे, के, एन, पी, एक्स असे बारा. हंगामासाठी सी म्हणजे १९६९, डी १९७०, ई १९७१, जी १९७२. आता ‘एनसी’ कसं वाचाल? ऑक्टोबर १९६९ नव्हे, ऑक्टोबर १९६८. हंगाम १९६९चा, महिना त्याच्या आधीच्या वर्षातला.

नंबर खरा आहे का, हेही बघून घ्या. १९६९ पासून नंबराच्या जागेवर बारीक ट्रायम्फ खुणांची नक्षी ओतीवातच येऊ लागली. आधीच्या केसवर ती जागा साधी असते. तुमची साधी असेल तर ठीक. साध्या जागेवर कानशीची खोली, उतार किंवा आजूबाजूपेक्षा चकचकीत पट्टा दिसला तर शंका घ्या. शिवाय केसचे दोन अर्ध एकत्र बोअर केलेले असतात आणि खाली, बुडाला, दोन्हींवर जोडीचा एकच आकडा ठोकलेला असतो. मोटार, म्हणजे इंजिन, उलटी न करता आरशाने दिसतो. तो जुळला नाही तर एक अर्ध दुसऱ्या इंजिनाचा आहे, आणि मग मेन बेअरिंगची सरळ रेघ तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तेल_गळती:

वरच्या यादीतल्या गोष्टींकडे एकाच वजनाने बघू नका. माझा नियम सोपा आहे. हंगामाच्या सुरुवातीच्या गाडीवर मागच्या हंगामाचा भाग सापडू शकतो, कारण शिल्लक माल संपवला जायचा. पण पुढच्या हंगामाचा भाग मागे येऊ शकत नाही. जो भाग बनलाच नव्हता तो लाइनवर लागणार कुठून? म्हणजे जुना भाग असला तर विचार करा, नवा असला तर खात्रीने नंतरचा.

हा नियम तुमच्या यादीला लावू.

कॉन्सेंट्रिक: १९६७ हंगामाच्या शेवटीच अमालचे जुने मोनोब्लॉक कार्ब्युरेटर जाऊन हे आले, १९६८ला बरोबर. उजव्यावर आर आणि डाव्यावर एल अशी खूण ९३०च्या आधी असायला हवी. दोन्ही एकाच हाताचे असतील तर एक बदललेला.

इग्निशन स्विच फोर्कच्या कव्हरवर, झेनर हेडलाइटखाली: दोन्ही १९६८चे बदल. ठीक.

काटकोनी लिव्हरचा ब्रेक: १९६९. १९६८च्या टीएलएसला लिव्हरची मांडणी वेगळी, केबल पुढून वळसा घेऊन येते. नंतरचं.

ऑइल प्रेशर स्विचचं टायमिंग कव्हर: १९६९. नंतरचं.

जोडनळीचा एक्झॉस्ट: १९६९. नंतरचं, पण याला पुरावा म्हणून काडीची किंमत देऊ नका. पाइप कोणत्याही मोटारीला लागतो, आणि पाइप सगळ्यात आधी गंजतो.

चौकटीचा बॅज: १९६९. १९६६ ते १९६८ भुवईच्या आकाराचा असतो, त्याआधी जाळीचा.

सपाट प्रायमरी कव्हर: हे मात्र उलटं. छोट्या झाकणाचं कव्हर १९६८पासून आहे. तुमच्याकडे १९६७पर्यंतचं आहे. जुना भाग नव्या गाडीवर. कारखान्याने लावलं की नंतर कोणी पडझडीत बदललं, हे कव्हरवरून ठरणार नाही. आत बघावं लागेल.

२६_आटे:

खिचडी बोल्टांबद्दल. तुम्ही ज्याला खिचडी म्हणताय ती बऱ्याच अंशी कारखान्याचीच असू शकते. १९६७ ते १९६९ दरम्यान ट्रायम्फ जुन्या ब्रिटिश सायकल आट्यांवरून युनिफाइड बारीक आट्यांवर एकेक भाग करत गेली. म्हणून १९६८ची गाडी दोन्ही वळणांची असणं हे तिचं लक्षण आहे, दोष नाही. ‘सगळं एकसारखं करून टाकू’ म्हणून टॅप चालवणाऱ्याचा हात आधी धरा.

ओळखायचं असं:

१/४ इंच: सायकल आटे इंचाला २६, युनिफाइड २८.
५/१६ इंच: सायकल २६, युनिफाइड २४.
३/८ इंच: सायकल २६, युनिफाइड २४.

कोन दोन्हींचा ६० अंश, म्हणून फसगत होते. ५/१६ चा युनिफाइड नट सायकल बोल्टवर दोनतीन फेरे छान जातो, मग जड होतो. जड झाला म्हणजे गंज आहे असं समजून पाना लावला की आटे गेले. हाताने चार फेरे मोकळा फिरला नाही तर थांबायचं.

गेज नसेल तर व्हर्निअर अर्ध्या इंचावर उघडा आणि भिंगाखाली शिखरं मोजा. १३ आली तर सायकल, १२ (१/४ इंचाला १४) आली तर युनिफाइड. छोट्या लांबीवर मोजू नका, तीन-चार आट्यांत २४ आणि २६ डोळ्याला सारखेच दिसतात. गेज असेल तर पान आट्यात ठेवून उजेडाकडे धरा. चुकीच्या पानाच्या एका टोकाला फट दिसते.

पान्यावरूनही कळतं. ५/१६ युनिफाइडच्या डोक्याला अर्धा इंच म्हणजे ०.५०० लागतो. जुन्या ५/१६ ला सहसा १/४ व्हिटवर्थचा (जुन्या ब्रिटिश मापाचा) पाना लागतो, त्याचा जबडा ०.५२५. पंचवीस हजारांशांचा फरक, पण कडा गोल करायला पुरेसा. युनिफाइड बोल्टच्या डोक्यावर एकमेकांना चिकटलेल्या वर्तुळांची खूण असते, ती असली तर प्रश्नच मिटला.

मात्र बोल्टवरून वर्ष ठरवू नका. बोल्ट कोणीही बदलतो. केसमधल्या किंवा हेडमधल्या भोकाचे आटे मोजा. भोक सहसा बदलत नाही, आणि बदललं असेल तर इन्सर्ट दिसतो.

फोर्कवाला:

ब्रेकच्या मुद्द्यावर थोडं थांबू. ‘१९६९चा ब्रेक’ म्हणजे नेमकं काय बदललंय? नुसती प्लेट आणि लिव्हर, की अख्खा पुढचा फोर्क? दोन्हींत खर्चाचा आणि कामाचा फरक मोठा आहे.

१९६९ला दोन नळ्यांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, साडेसहा इंचांवरून पावणेसात झालं. म्हणजे १६५ मिमी विरुद्ध १७१ मिमी. योक (फोर्कच्या नळ्या धरणारा आडवा तुकडा) न उतरवता मोजायची युक्ती: रबरी बेलोजच्या खाली, जिथे खालच्या नळ्या गुळगुळीत आहेत तिथे, डाव्या नळीच्या डाव्या कडेपासून उजव्या नळीच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. दोन्ही नळ्यांचा व्यास एकच असल्यामुळे हेच मध्यांतर. वर एकदा आणि चाकाच्या एक्सलजवळ एकदा मोजा. दोन आकड्यांत मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर मॉडेल वर्ष राहू द्या, फोर्क वाकलेला आहे.

१६५ आला तर फोर्क मूळचा आणि ब्रेक प्लेट आणलेली. १७१ आला तर योकसकट सगळं नंतरचं. तेव्हा इग्निशन स्विच आणि झेनर ‘१९६८ला बरोबर’ म्हणून जे वर लिहिलंय तोही पुरावा राहत नाही, कारण ते फोर्कसोबतच आले असतील.

तेल_गळती:

बरोबर धरलंत. फोर्कच्या कव्हरवरचा स्विच फोर्कचं वय सांगतो, गाडीचं नाही. माझं वरचं वाक्य त्या अटीने वाचा.

अर्धा_पाना:

मोजलं. वर १६५, खाली १६५.५. केसच्या बुडाचे आकडे जुळतात, नंबराची जागा साधी आणि खरखरीत. दोन इग्निशन कॉइलवर ‘७ ६७’ असा ठसा, हॉर्नवर ‘११ ६९’. पॉइंटच्या प्लेटवर कंडेन्सर नाहीत. ब्रेक प्लेटच्या आत एक उठावदार आकडा आहे. तो भाग क्रमांक समजून शोधला, कुठेच मिळाला नाही.

मेरिडेन_वही:

विजेचे भाग बनवणाऱ्या ल्युकासचे ठसे महिना आणि वर्ष असे वाचायचे. ७ ६७ म्हणजे जुलै १९६७. डीयू ६८ हजार ही हंगामाच्या सुरुवातीची, म्हणजे कॉइल काही आठवडे आधी बनून कारखान्यात पोचली, हे अगदी जसं असावं तसं. विजेचा भाग गाडीपेक्षा थोडा जुना असतो, कधी महिना, कधी काही महिने. गाडीपेक्षा नवा असला की तो नंतरचा, म्हणून हॉर्न बाद. एका ठशावर निकाल देऊ नका, स्टेटर, हॉर्न, कॉइल, स्विच असे चारपाच गोळा करा. बहुतेक एका महिन्याभोवती जमले आणि एखादाच लांब पडला, तर लांबचा बदललेला.

कॉइलवरचं मॉडेलही वाचा. १९६६ हंगामापासून ही गाडी १२ व्होल्टची आहे. एमए६ लिहिलेली कॉइल ६ व्होल्टची. १२ व्होल्टवर ती चालू होते, म्हणून लक्षात येत नाही. मग तापते, पॉइंट जाळते आणि दोष कार्ब्युरेटरला मिळतो. आणि बॅटरीचं धन टोक फ्रेमला आहे, हे वायरिंगला हात लावण्याआधी तीनदा म्हणा.

पॉइंट १९६८ला बरोबर. आधीच्या ल्युकास ४सीए प्लेटवर कंडेन्सर पॉइंटशेजारीच असत आणि दोन्ही सिलिंडरचं टायमिंग स्वतंत्र लावता येत नसे, दुसऱ्याचं अंतर कमीजास्त करून जुळवावं लागे. १९६८च्या ६सीए प्लेटमध्ये दोन्ही स्वतंत्र फिरतात, कंडेन्सर बाहेर गेले. पॉइंटचं अंतर ०.०१५ इंच.

साचा_आणि_पंच:

उठावदार आकडा भाग क्रमांक नसतो, तो साच्याचा आकडा. ओतीव बाहेर पडतं तेव्हाच येतो. एकाच ओतीवातून वेगवेगळी भोकं पाडून दोन-तीन भाग बनवता येतात, आणि प्रत्येकाचा भाग क्रमांक वेगळा. उलट पंचाने ठोकलेला, खोल गेलेला आकडा नंतर, मशीनकाम झाल्यावर येतो. म्हणून साच्याच्या आकड्याने यादीत शोधलं की एकतर काहीच सापडत नाही, नाहीतर शेजारच्या वर्षाचा भाग सापडतो. दुसरं जास्त वाईट.

भाग क्रमांकाचंही एक वळण आहे. या गाडीच्या काळच्या पुस्तकात इंजिनाला ई, गिअरबॉक्सला टी, फोर्कला एच, फ्रेमला एफ, चाकाला डब्ल्यू असं अक्षर पुढे असतं. नंतर अक्षर जाऊन आकडी गट आले: ई ऐवजी ७०, टी ऐवजी ५७, एच ऐवजी ९७, एफ ऐवजी ८२, डब्ल्यू ऐवजी ३७, आणि पुढचे आकडे बहुधा तेच राहिले. ७१ किंवा ८३ ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर तो त्या मालिकेतला नंतरचा भाग समजा.

विक्रेत्यांच्या याद्या वापरताना सावध. कारखान्याने भाग सुधारला की जुना क्रमांक बंद करून नव्याकडे बोट दाखवलं जातं. यादीत ‘१९६८ला बसतो’ असं लिहिलेलं असतं ते खरंच असतं, पण बसतो आणि होता यात फरक आहे. वर्ष ठरवायला त्याच हंगामाचं छापील भाग-पुस्तक घ्या, तेही योग्य बाजारपेठेचं. टी१२०आर अमेरिकेकडे जाणारी, तिची टाकी छोटी आणि हँडल उंच. ब्रिटनमधल्या घरगुती मॉडेलचं पुस्तक समोर ठेवलंत तर बरोबर असलेली टाकी चुकीची ठरेल.

तेल_गळती:

प्रायमरी कव्हर उघडालच तर एक काम करा. आत रोटरवर रेघ आहे का बघा. छोटं झाकण आणि आतला काटा १९६८ला त्या रेघेसाठीच आला, स्ट्रोबने टायमिंग दिसावं म्हणून. रोटरवर रेघ असून कव्हर सपाट असेल तर कव्हर बदललेलं असण्याकडेच माझा कल राहील.

तोवर सपाट कव्हर ठेवून टायमिंग लावायचं तर सिलिंडरच्या मागे केसवर बूच आहे, तिथून फ्लायव्हीलच्या खाचेत खुंटी बसते. पण ती खाच कशाची आहे ते गृहीत धरू नका. प्लगच्या भोकातून काडी सोडून पिस्टन खरंच माथ्यावर आहे का बघा. नसेल तर अंशांची तबकडी लावा. पूर्ण अॅडव्हान्सला माथ्याआधी ३८ अंश. तबकडी कोणत्याही वर्षाच्या मोटारीवर खरं बोलते.

अजून एक तपासणी, केस १९७०ची नाही याची. नंबर आणि साधी जागा बघता नसावीच, पण मिनिटाचं काम आहे. तुमच्या वर्षाला क्रँककेसमधली हवा इनलेट कॅमच्या डाव्या टोकावरच्या फिरत्या तबकडीतून बाहेर पडते. १९७०ला ती तबकडी गेली, क्रँककेस प्रायमरीतून श्वास घेऊ लागली, डाव्या मेन बेअरिंगजवळचं सील काढलं आणि प्रायमरीच्या मागे जाड नळी आली. तुमच्यात सील असायलाच हवं आणि प्रायमरीचं तेल वेगळं. ते तेल आपोआप वाढत असेल तर सील गेलंय. ‘नंतर कंपनीनेच काढलं’ म्हणून सील न घालता मोटार बंद करणारे भेटतात. त्यांना विचारा, प्रायमरीत हवा जायची तीन भोकं कुठे पाडलीत?

फोर्कवाला:

१६५ आणि १६५.५, म्हणजे फोर्क मूळचा आणि सरळ. तर बदलायला लागतील ते प्लेट, लिव्हर आणि केबल, तिन्ही एकाच वर्षाचे. १९६८ची केबल १९६९च्या लिव्हरला लावायचा प्रयत्न करू नका, बाहेरच्या वेष्टणाचा टेका वेगळ्या जागी आहे. केबल तिरकी ओढली जाते आणि शेवटच्या गाठीपाशी तार तुटते.

आणि खरं सांगायचं तर १९६९ची मांडणी ब्रेक म्हणून काही वाईट नाही. चालवायची गाडी असेल तर राहू द्या, भाग सापडेपर्यंत डब्यावर चिठ्ठी लावा. पण जी प्लेट राहील तिचा दोन कॅममधला दांडा आधी जुळवा. दांड्याची एका बाजूची पिन काढा. चाक फिरवत पहिला लिव्हर हाताने दाबून शू ड्रमला टेकवा, मग दुसरा. दोन्ही टेकलेले असताना पिन आपोआप भोकात पडेल इतकी दांड्याची लांबी करा, लॉकनट घट्ट करा. दांडा चुकीचा असला की एकच शू काम करतो, ब्रेक स्पंजासारखा लागतो, आणि माणूस वर्ष चुकलं म्हणून प्लेट शोधत बसतो.

अर्धा_पाना:

दांडा बघितला. पिन काढताच लिव्हर जवळजवळ ४ मिमी सरकला. एकच शू धरत होता. टायमिंग कव्हरचं काय करू, स्विचच्या भोकातलं बूच तसंच राहू दे का?

२६_आटे:

राहू दे, पण बूच काढून त्याचे आटे समांतर आहेत की निमुळते ते बघा. निमुळतं बूच समांतर भोकात कसून बसवलेलं असेल तर कव्हरच्या त्या फुगवट्याला तडा शोधा. नख फिरवून कळत नाही. पेट्रोलने धुवा, कोरडं करा, वर खडूची पूड लावा, मोटार गरम होऊ द्या. तडा असला तर तेलाची काळी रेघ उमटते.